प्लेटलेट्स सहा लाख: आकडा आणि त्यामागचे कारण

भांडुपच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या पत्नीचे वय ३६ वर्षे. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत त्यांची सीबीसी झाली. तीत हिमोग्लोबिन ९.२, एमसीव्ही ६७, पांढऱ्या पेशी ७,४०० आणि प्लेटलेट्स ६१२ असे आकडे आले, आणि ६१२ च्या पुढे लाल खूण होती. आठवड्याने दुसऱ्या लॅबमध्ये तपासले तेव्हा आकडा ६.३८ आला. शेजाऱ्यांनी ब्लड कॅन्सरची शंका बोलून दाखवली, औषधाच्या दुकानात ‘रक्त पातळ राहावे म्हणून’ ॲस्पिरिन सुरू करण्याचा सल्ला मिळाला, आणि इंटरनेटवर वाचून या गृहस्थांनी स्वतः बोन मॅरो (अस्थिमज्जेचा नमुना काढून पाहणे) आणि जॅक-२ (एका जनुकातील बदल शोधणे) या दोन तपासण्यांची नावे काढली. या तपासण्या आताच कराव्यात का, ॲस्पिरिन द्यावी का आणि प्लेटलेट्स उतरवण्यासाठी आहारात काय बदलावे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

रुग्णाला प्रत्यक्ष न पाहता निदान करता येत नाही, हे आधी सांगतो. तरीही मांडलेल्या आकड्यांवरून एवढे निश्चित म्हणता येते की या रिपोर्टमधील सर्वांत बोलका आकडा प्लेटलेट्सचा नाही. तो हिमोग्लोबिनचा आणि एमसीव्हीचा आहे. लाल खूण मात्र ६१२ पुढे अधिक भयावह दिसली आणि सगळ्यांचे लक्ष तिकडे गेले. वीस-बावीस वर्षांच्या अनुभवात मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की आता रिपोर्ट हाती आला की मी प्लेटलेट्सची ओळ मुद्दाम शेवटी वाचतो.

आकड्यांच्या लेखनाविषयीचा घोळ आधी मिटवू. मुंबईतील काही लॅब प्लेटलेट्स हजारांत लिहितात, काही लाखांत. पहिल्या रिपोर्टमधील ६१२ म्हणजे एका मायक्रोलिटर रक्तात ६,१२,००० प्लेटलेट्स आणि दुसऱ्यातील ६.३८ म्हणजे ६,३८,०००. दोन्ही आकडे जवळपास सारखेच आहेत. आठवड्यात प्लेटलेट्स ‘६१२ वरून ६ वर कोसळल्या’ असे समजून रडत आलेले नातेवाईकही मी पाहिले आहेत. प्रौढ व्यक्तीत सर्वसाधारणपणे दीड लाख ते साडेचार लाख ही मर्यादा मानली जाते. तिच्या वर गेलेल्या संख्येला आम्ही थ्रॉम्बोसायटोसिस म्हणतो. ते एका निरीक्षणाचे नाव आहे, आजाराचे नव्हे. ज्याप्रमाणे ‘ताप’ म्हटल्याने कशाचा ताप हे कळत नाही, त्याप्रमाणेच.

आपल्याकडे प्लेटलेट्स हा शब्द घरोघरी पोहोचला तो डेंग्यूमुळे, आणि तो कमी होण्याच्या भीतीसह पोहोचला. त्यामुळे त्या वाढल्या तर आनंदच मानावा की घाबरावे, हे लोकांना उमगत नाही. गंमत अशी की पावसाळा सरताना माझ्याकडे येणाऱ्या वाढलेल्या प्लेटलेट्सच्या रुग्णांपैकी बरेच जण डेंग्यूतूनच उठलेले असतात. वीस-तीस हजारांपर्यंत खाली गेलेली संख्या आजार ओसरल्यावर केवळ पूर्ववत होऊन थांबत नाही. अस्थिमज्जेने जोर लावलेला असल्यामुळे ती काही दिवस पाच-सहा लाखांपर्यंत चढते आणि मग आपोआप खाली येते. अशा वेळी दोष बहुधा पपईच्या पानांच्या रसाला दिला जातो. त्या रसाला संख्या वाढवण्याचे श्रेय देणारेही हेच नातेवाईक असतात.

संख्या का वाढते हे समजण्यासाठी ती ठरते कशी हे पाहावे लागेल. प्लेटलेट ही पूर्ण पेशीही नसते. अस्थिमज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशी असतात आणि त्यांच्या पेशीद्रव्याचे तुकडे सुटून रक्तात येतात. तेच हे रक्त गोठायला मदत करणारे कण. असे सुमारे दहा हजार कोटी कण शरीरात रोज तयार होतात, आठ-दहा दिवस जगतात, आणि कोणत्याही क्षणी त्यांतील जवळपास एक तृतीयांश प्लीहेत मुक्कामाला असतात. उत्पादनावर नियंत्रण ठेवणारे संप्रेरक, थ्रॉम्बोपोएटिन, मुख्यतः यकृतात बनते आणि बऱ्याच स्थिर गतीने बनते. प्लेटलेट्स हे संप्रेरक स्वतःवर चिकटवून घेऊन नष्ट करतात. प्लेटलेट्स भरपूर असल्या की मोकळे संप्रेरक कमी उरते आणि उत्पादन मंदावते. त्या कमी झाल्या की संप्रेरक साठते आणि उत्पादन वाढते. हा तोल दोन अगदी वेगळ्या प्रकारांनी बिघडू शकतो. पहिल्या प्रकारात कारखाना निरोगी असतो, पण बाहेरून येणारी मागणी वाढलेली असते. दुसऱ्यात मागणी नसतानाही कारखान्यातील एक पेशीसमूह स्वतःच्याच मर्जीने माल काढत राहतो. पहिल्याला आम्ही प्रतिक्रियात्मक वाढ म्हणतो, दुसऱ्याला अस्थिमज्जेचा मूळ आजार. वाढलेल्या प्लेटलेट्सच्या रुग्णांपैकी फार मोठा वाटा, दहांत आठ-नऊ जण, पहिल्या प्रकारातले असतात.

प्रतिक्रियात्मक वाढीची कारणे मुंबईच्या ओपीडीत रोज दिसतात. शरीरात कोठेही जंतुसंसर्ग किंवा दाह असला की इंटरल्युकिन-६ हा रासायनिक संदेश वाढतो आणि तो यकृताला थ्रॉम्बोपोएटिन जास्त बनवायला लावतो. क्षयरोग, न्यूमोनिया, संधिवात, आतड्यांचे दीर्घकालीन दाह, भाजणे, मोठी शस्त्रक्रिया, रक्तस्राव या सर्वांत संख्या वाढते. लहान मुलांत ती फार सहज वाढते. साध्या छातीच्या संसर्गानंतर आठ-नऊ लाख आकडा आलेले मूल खेळत-बागडत समोर उभे असते. (पाच दिवसांहून अधिक ताप, लाल डोळे आणि लाल ओठ यांच्यानंतर दुसऱ्या आठवड्यात संख्या चढली तर मात्र बालरोगतज्ज्ञांनी कावासाकी आजाराचा विचार करावा लागतो, तेथे घाई आवश्यक असते, कारण प्रश्न हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा असतो.) प्लीहा काढलेल्या व्यक्तीत प्लेटलेट्सचे गोदामच नाहीसे झाल्यामुळे संख्या पहिल्या काही आठवड्यांत दहा लाखांच्याही वर जाऊ शकते.

आणि मग लोहाची कमतरता. प्रश्नकर्त्यांच्या पत्नीच्या बाबतीत हीच सर्वांत संभाव्य गोष्ट आहे, म्हणून येथे थोडे थांबतो.

एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचे सरासरी आकारमान. ते सुमारे ८० ते १०० असावे. येथे ६७ आहे. हिमोग्लोबिन ९.२ आहे. छत्तीस वर्षांच्या स्त्रीत लहान, फिकट लाल पेशी आणि वाढलेल्या प्लेटलेट्स ही जोडी दिसली की लोहाची कमतरता नाही असे सिद्ध होईपर्यंत ती आहे असेच मानावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. तेव्हा हा योग दुर्मीळ नाही. लाल पेशी आणि मेगाकॅरिओसाइट या दोन्ही एकाच पूर्वज पेशीपासून निघतात. लोह कमी पडले की त्या पूर्वज पेशींचा कल लाल पेशींकडून मेगाकॅरिओसाइटकडे झुकतो. त्यामुळे एकीकडे हिमोग्लोबिन उतरते आणि दुसरीकडे प्लेटलेट्स चढतात. हे एकाच कारणाचे दोन परिणाम आहेत, दोन आजार नव्हेत.

म्हणून पहिली तपासणी फेरिटिनची, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणाऱ्या प्रथिनाची. ती साधी आहे आणि कोणतीही लॅब करते. रक्तक्षय असलेल्या रुग्णात फेरिटिन १५ च्या खाली असेल तर लोहाचा साठा संपल्याबद्दल शंका उरत नाही, आणि ३० च्या खाली असले तरी व्यवहारात मी कमतरताच धरतो. फेरिटिन दाहामध्ये वाढते, त्यामुळे सोबत दाह दाखवणारा सीआरपी करून घ्यावा. सीआरपी वाढलेला असताना फेरिटिन ‘नॉर्मल’ आले तर त्यावर विसंबू नये. दाहाचाच अंदाज देणारा ईएसआर मी यासाठी फारसा वापरत नाही, कारण रक्तक्षयातच तो वाढतो आणि गोंधळ वाढवतो. दुसरी तपासणी पेरिफेरल स्मिअरची, म्हणजे रक्ताचा पातळ थर काचेवर पसरून पॅथॉलॉजिस्टने स्वतः डोळ्यांनी पाहण्याची. यंत्र कण मोजते ते बहुतांशी आकारावरून. लाल पेशी फारच लहान असतील किंवा त्यांचे तुकडे झालेले असतील, तर यंत्र त्यांनाही प्लेटलेट्समध्ये धरू शकते. स्मिअर न पाहता प्लेटलेट्सवर मत देणारा माझा सहकारी असला तरी मी त्याचे मत मान्य करत नाही. मुंबईत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: थॅलसेमिया मायनर. सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा समाजांत तो तुलनेने अधिक आढळतो, पण इतरांतही असतो, आणि त्यातही एमसीव्ही असाच खाली असतो. त्यासाठी हिमोग्लोबिन ए-२ ची तपासणी लागते. मात्र लोहाच्या कमतरतेत ए-२ खोटेच कमी येऊ शकते, म्हणून ती लोह भरून निघाल्यावर करणे अधिक विश्वसनीय.

लोह कमी आहे हे कळले म्हणजे काम संपत नाही. ते गेले कोठे, हा खरा प्रश्न आहे. या वयात बहुतेक वेळा उत्तर पाळीत असते, आणि ते विचारल्याशिवाय कळत नाही. ‘पाळी नियमित आहे ना?’ या प्रश्नाला ‘हो’ असेच उत्तर येते. ‘अंगावरून किती दिवस जाते, रात्री उठून पॅड बदलावे लागते का, गाठी पडतात का?’ असे विचारले की चित्र बदलते. कित्येक स्त्रिया आईला आणि बहिणीलाही असेच जायचे म्हणून तेच स्वाभाविक समजत आलेल्या असतात. गर्भाशयातील फायब्रॉइड, थायरॉइडचे विकार आणि कधी कधी रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोषही यामागे असतो, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन सोनोग्राफी करून घ्यावी. मूळव्याध, जंत, वेदनाशामक गोळ्यांचा अतिवापर हेही विचारावे. हाच रिपोर्ट साठीच्या पुरुषाचा असता, तर मी लोहाच्या गोळ्या लिहून देऊन थांबलो नसतो. पोट आणि मोठे आतडे यांची एंडोस्कोपी आधी सांगितली असती.

उपचार साधा आहे. लोहाची गोळी उपाशीपोटी, लिंबूपाण्यासोबत घ्यावी. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांपासून ती दोन तास दूर ठेवावी; सकाळच्या चहाबरोबर गोळी घेणे म्हणजे ती जवळपास वाया घालवणे होय. पोटाला त्रास झाला तर एक दिवसाआड घेतली तरी चालते. शौच काळे होते, त्याने घाबरू नये. गोळी सोसत नसेल तर शिरेतून लोह देता येते. हिमोग्लोबिन महिन्याभरात साधारण एक ते दोन ग्रॅम वाढते आणि प्लेटलेट्स महिना-दीड महिन्यात खाली येऊ लागतात. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही सुमारे तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते, कारण साठा नंतर भरतो. प्लेटलेट्स उतरवणारा असा कोणताही आहार नाही. लसूण, आले, हळद जेवणात असतील तर असू द्यावेत. त्यांचा डोस वाढवून या आकड्यावर इलाज करू नये.

आता ॲस्पिरिनविषयी. सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, परंतु सल्ला चुकीचा आहे. प्रतिक्रियात्मक वाढीत, आकडा दहा लाखांवर गेला तरी, केवळ त्या संख्येमुळे गुठळ्या होण्याचा धोका फारसा वाढत नाही. जो धोका असतो तो बहुतांशी मूळ आजाराचा किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या अंथरुणाचा असतो. उलट, ज्या स्त्रीचे लोह पाळीतून जात आहे तिला ॲस्पिरिन दिली तर रक्तस्राव वाढतो, लोह आणखी घटते आणि प्लेटलेट्स आणखी चढतात. आकडा उतरवण्यासाठी घेतलेली गोळी आकडा वाढवते. शिवाय जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत मुंबईत ज्याला ताप येतो त्याला डेंग्यू असू शकतो, आणि डेंग्यूत ॲस्पिरिन टाळायचीच असते. डॉक्टरांनी हृदयासाठी वगैरे ती लिहून दिलेली असेल तर गोष्ट वेगळी. तेथे स्वतःच्या मनाने बंदही करू नये.

दुसऱ्या प्रकाराविषयी, म्हणजे अस्थिमज्जेच्या मूळ आजाराविषयी, बोलणे भाग आहे, कारण शेजाऱ्यांची शंका पूर्णपणे हवेतली नाही. इसेन्शिअल थ्रॉम्बोसायथेमिया नावाचा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या वर्गीकरणापासून तो आणि त्याचे सोबती ‘निओप्लाझम’ म्हणून नोंदले जातात, आणि याच वर्गीकरणात निदानाची मर्यादा सहा लाखांवरून साडेचार लाखांवर आणली गेली. शब्दाच्या अर्थाने तो रक्ताचा कर्करोग आहे. परंतु ल्युकेमिया ऐकल्यावर डोळ्यांसमोर जे येते ते हा आजार नव्हे. योग्य देखरेखीत बहुतेक रुग्ण अनेक दशके नेहमीचे आयुष्य जगतात. यात अस्थिमज्जेतील एका मूळ पेशीत जनुकीय बदल झालेला असतो. जॅक-२ या जनुकातील बदल २००५ मध्ये सापडला. तो निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांत असतो. कॅलरेटिक्युलिनमधील बदल २०१३ मध्ये सापडला आणि तो साधारण पाचांत एका रुग्णात असतो. एमपीएल या तिसऱ्या जनुकाचा बदल थोड्यांत आढळतो, तर काहींमध्ये तिन्ही आढळत नाहीत. म्हणजे जॅक-२ निगेटिव्ह आले की आजार नाही, असे म्हणता येत नाही, आणि म्हणूनच ही तपासणी स्वतःच्या मनाने करून घेतल्यास फसवे समाधान मिळते.

अशा रुग्णाची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ रात्री तळपायांची आग होते म्हणून दोन वर्षे गारेगार लादीवर पाय टेकवून झोपत होते. मधुमेहाच्या नसा, बी-१२ ची कमतरता, उष्णता अशी सर्व निदाने आणि उपचार झाले होते. त्यांच्या तीन जुन्या सीबीसीमध्ये प्लेटलेट्स सात, आठ आणि नऊ लाख अशा चढत गेल्या होत्या आणि त्या ओळीकडे कोणीही पाहिले नव्हते. हिमोग्लोबिन उत्तम, फेरिटिन उत्तम, सीआरपी नगण्य. जॅक-२ पॉझिटिव्ह आले. अशा रुग्णांत तळपायांची आग लहान डोसच्या ॲस्पिरिनने कमी होते आणि तशी ती झाली. म्हणजे जी गोळी मी प्रश्नकर्त्यांच्या पत्नीला नाकारतो, तीच येथे औषध ठरते. साठीच्या वरचे वय, पूर्वी गुठळी झालेली असणे आणि जॅक-२ हे धोका वाढवतात. अशांना संख्या कमी ठेवण्यासाठी बहुधा हायड्रॉक्सीयुरिया दिले जाते, काहींना ॲनाग्रेलाइड किंवा इंटरफेरॉन. एक विरोधाभास मात्र विसरू नये: संख्या दहा-पंधरा लाखांच्या पुढे गेली की गुठळीऐवजी रक्तस्रावाचा धोका येतो, कारण इतक्या प्लेटलेट्स रक्तातील व्हॉन विलेब्रांड हा गोठण्यासाठी आवश्यक घटक शोषून घेतात. तेथे ॲस्पिरिनपूर्वी त्या घटकाची तपासणी करावी लागते.

प्लेटलेट्स खूप असताना पोटॅशियमचा रिपोर्टही फसवतो. नळीत रक्त गोठताना प्लेटलेट्समधील पोटॅशियम बाहेर पडते आणि सीरममध्ये आकडा खोटा वाढतो. अशा एका रुग्णाला पोटॅशियम ६.४ म्हणून मध्यरात्री अतिदक्षता विभागात हलवल्याचे मला आठवते. ईसीजी पूर्णपणे नॉर्मल होता. रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनच्या नळीत पुन्हा रक्त घेतले, तर पोटॅशियम ४.३.

चाळिशीनंतर, लोहाची कमतरता आणि संसर्ग नसताना टिकून राहिलेली वाढ हा दडलेल्या कर्करोगाचाही संकेत असू शकतो, विशेषतः फुप्फुस, जठर आणि मोठे आतडे यांच्या. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चाळीस वर्षांवरील अशा पुरुषांपैकी ११.६ टक्के आणि स्त्रियांपैकी ६.२ टक्के जणांना वर्षभरात कर्करोगाचे निदान झाले. वजन घटणे, न थांबणारा खोकला, शौचाच्या सवयीत बदल अशा लक्षणांसह हा आकडा आला तर महिनोन्‌महिने थांबू नये.

मग बोन मॅरो केव्हा? फेरिटिन आणि सीआरपी ठीक आहेत, तीन महिन्यांच्या अंतराने संख्या साडेचार लाखांच्या वरच आहे, किंवा प्लीहा वाढली आहे, पांढऱ्या पेशी अथवा हिमोग्लोबिनही वाढले आहे, किंवा स्मिअरमध्ये अपरिपक्व पेशी दिसतात, तेव्हा. त्यातही आधी जनुकीय तपासण्या होतात, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया नाही हे पाहण्यासाठी बीसीआर-एबीएलही, आणि मग मॅरो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत आठ लाखांच्या आकड्याला घाबरून एका तरुण मुलीची मॅरो मी फेरिटिन येण्याआधीच केली होती. दुसऱ्या दिवशी फेरिटिन ४ आले. तिच्या आईने काही बोलून दाखवले नाही, परंतु कंबरेवर हात ठेवून चालत गेलेली ती मुलगी अजून आठवते.

प्रश्नकर्त्यांनी आता फेरिटिन, सीआरपी आणि स्मिअर एवढेच करून घ्यावे आणि फॅमिली डॉक्टरांच्या सल्ल्याने लोह सुरू करावे. मधल्या काळात अचानक तीव्र डोकेदुखी, अर्ध्या अंगाची कमजोरी, दृष्टी अंधारणे, छातीत दुखणे किंवा एका पायावर सूज आली तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. सहा ते आठ आठवड्यांनी सीबीसी पुन्हा करावी. हिमोग्लोबिन वर आणि प्लेटलेट्स खाली सरकल्या असतील तर उपचार तसाच चालू ठेवावा. हिमोग्लोबिन भरून आले आणि प्लेटलेट्स मात्र सहा लाखांवरच राहिल्या, तर रक्तविकारतज्ज्ञांना दाखवावे. लोहाच्या कमतरतेखाली अस्थिमज्जेचा आजार झाकला जातो आणि लोह मिळाल्यावर उघडा पडतो, असेही होते.

आणखी एक काम घरच्या घरी होण्यासारखे आहे. जुने रिपोर्ट शोधून ठेवावेत, आणि बाळंतपण झाले असेल तर त्या वेळची फाइलही. त्या काळी दर तिमाहीला सीबीसी होते आणि प्रत्येकीत प्लेटलेट्सचा आकडा असतो. तो तेव्हा दोन-अडीच लाख असेल, तर वाढ अलीकडची आहे आणि लोहाशी जुळते. गरोदरपणात संख्या साधारणतः थोडी उतरते. त्या वेळीही ती पाच लाखांवर असेल, तर जॅक-२ विषयी मी वर दिलेले ‘आताच नको’ हे उत्तर मी मागे घेईन.